मेंदूच्या घरातली कारभारीण

मैत्रिणींनो, एक चित्र डोळ्यांसमोर आणा. मुलांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर एक तरुण आई बसली आहे. मांडीवर पावणेदोन वर्षांची लेक. गोरीगोमटी, टपोऱ्या डोळ्यांची. सहा महिन्यांपूर्वी हीच मुलगी स्वतःच्या हातानं बिस्किट धरून खात होती, "बाबा", "दे" म्हणत होती, दारातून जाणाऱ्याला टाटा करीत होती. आता ती बोलत नाही. बिस्किट पुढं केलं तर त्याच्याकडे नुसती बघत राहते, हात पुढं येत नाही. दोन्ही हात छातीशी धरून एकमेकांवर चोळत राहते. साबण लावून आपण हात धुतो ना, अगदी तसे. दिवसभर.

शेजारी सासूबाई बसल्या आहेत. बाई वाईट नाहीत. नातीवर जीव आहे त्यांचा. पण मनातलं ओठावर येतंच. "सातव्या महिन्यात ग्रहण होतं, तेव्हा तू उठून भाजी चिरलीस, आठवतंय ना?" माहेरचा फोन येतो, "गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या होत्यास ना ग?" शेजारीण म्हणते, "नोकरीवर लवकर गेलीस, पोरीनं हाय खाल्ली." दिवसा ही सगळ्यांना उत्तरं देते. रात्री मात्र मुलीच्या पाळण्याशी बसून स्वतःलाच विचारते, माझं काय चुकलं?

हे चित्र मी कल्पनेनं रंगवलं आहे, पण अशी आई तुमच्या ओळखीत असेल. नात्यात असेल. आजचा लेख तिच्यासाठी आहे, आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठीही. कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर विज्ञानाला सापडलेलं आहे. ते कसं सापडलं ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे, बरं का!

बाकावरच्या दोन मुली

गोष्ट सुरू होते तीही दवाखान्यातल्या बाकावरच. साल १९५४. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिथं आंद्रेआस रेट नावाचे मुलांचे डॉक्टर होते. एके दिवशी त्यांच्या दवाखान्यात दोन आया आपापल्या मुलींना मांडीवर घेऊन शेजारी-शेजारी बसल्या होत्या. दोघींची एकमेकींशी ओळख ना पाळख. पण दोघी मुली अगदी एकसारखे हात चोळत होत्या. तोच वेग, तीच तऱ्हा. डॉक्टर थबकले. त्यांनी जुने कागद काढून पाहिले, तर अशाच आणखी काही मुली त्यांनी आधी तपासलेल्या निघाल्या. मुलगा एकही नाही, सगळ्या मुलीच!

रेट यांनी १९६६ साली हे सारं लिहून प्रसिद्ध केलं. पण ते जर्मन भाषेत. जगातल्या बहुतेक डॉक्टरांच्या ते वाचनातच आलं नाही. तिकडे स्वीडनमध्ये बेंग्ट हागबर्ग नावाचे डॉक्टरही अशाच मुली पाहत होते. त्यांनी सहकाऱ्यांसह १९८३ साली अशा ३५ मुलींची हकिकत इंग्रजीत छापली आणि मोठ्या मनानं या विकाराला रेट यांचं नाव दिलं. म्हणजे बघा, बाकावरच्या त्या दोन मुलींपासून जगाला विकाराचं नाव कळेपर्यंत एकोणतीस वर्षं गेली. तोवर किती आयांनी स्वतःला दोष दिला असेल?

रेटचा विकार साधारण दहा हजार मुलींत एकीला होतो. बाळ जन्मतः छान दिसतं. अंगावर पितं, हसतं, मान धरतं, बसतं. सहा महिन्यांनंतर केव्हातरी प्रगती रेंगाळू लागते. मग वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास, कुणाला आणखी थोडं पुढं, शिकलेलं एकेक हातचं जाऊ लागतं. आधी हातांचा उपयोग, मग शब्द. चालणाऱ्या मुलीची चाल अडखळते. डोक्याचा घेर वाढण्याचा वेग मंदावतो. जागेपणी मध्येच श्वास रोखला जातो, नाहीतर धाप लागल्यासारखा भरभर चालतो. पुष्कळ जणींना फिट्स येतात, पुढं पाठीचा कणा वाकडा होतो.

आणि तरीही एक गोष्ट राहते. डोळे! घसरणीचे ते महिने सरले की या मुली पुन्हा माणसांकडे टक लावून बघू लागतात. बोट दाखवता येत नाही, शब्द येत नाही, पण नजरेनं त्या सांगत असतात. त्याबद्दल पुढं सांगणारच आहे.

बैरूतची एक हट्टी मुलगी

आता या गोष्टीत एक बाई येते. हुदा झोगबी. जन्म १९५४ चा, लेबनॉनची राजधानी बैरूत इथला. तिथंच त्या डॉक्टरकी शिकत होत्या. १९७५ साली देशात यादवी युद्ध पेटलं. आईवडिलांनी मुलांना अमेरिकेत नातेवाइकांकडे धाडलं. थोडे दिवस म्हणून गेलेल्या हुदाबाईंना परत जाऊन तिथलं शिक्षण पुरं करता आलंच नाही. परक्या देशात पुन्हा प्रवेश मिळवून त्या डॉक्टर झाल्या आणि ह्यूस्टन शहरात मुलांच्या मेंदूविकारांचं शिक्षण घेऊ लागल्या.

१९८३ साली, म्हणजे हागबर्ग यांचा लेख आला त्याच वर्षी, त्यांच्यापुढं अशीच एक हात चोळणारी मुलगी आली. आईवडील सांगत होते, ही चांगली होती हो, सगळं करायची! हुदाबाईंच्या मनातून ती मुलगी जाईना. चांगलं वाढणारं मूल मध्येच का थांबतं? आणि मुलीच का? याचं मूळ जीनमध्ये, आपल्या आनुवंशिक घटकांमध्येच असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. पुष्कळांनी सांगितलं, यात वेळ घालवू नका. आनुवंशिक असतं तर एकाच घरात पुन्हा पुन्हा दिसलं असतं. इथं तर प्रत्येक घरात एकटीच मुलगी!

पण बाईंनी चिकाटी सोडली नाही. एकाच कुटुंबात दोघींना हा विकार झालाय, अशी अगदी मोजकी घरं जगभरात होती. त्यांचं रक्त तपासत तपासत शोधाचा परीघ आवळत आणला. सोळा वर्षं गेली. आणि १९९९ साली हुदा झोगबी, त्यांच्या सहकारी रूथी अमीर आणि इतरांनी जाहीर केलं, सापडला! विकाराचं मूळ 'एक्स' गुणसूत्रावरच्या एका जीनमध्ये आहे. हा जीन जे प्रथिन बनवतो त्याचं नाव 'मेक-पी-टू'.

गंमत अशी, की हे प्रथिन शास्त्रज्ञांच्या आधीच ओळखीचं होतं! एड्रियन बर्ड यांनी ते १९९२ सालीच शोधलं होतं. पण त्याचा या मुलींशी काही संबंध असेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एकीकडे प्रथिन, दुसरीकडे हात चोळणाऱ्या मुली. दोन्ही टोकं १९९९ साली जुळली.

वही एकच, पदार्थ वेगळे

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, दूध, अंडी आठवतात. 'मुलांच्या आहारात प्रथिनं हवीत' हे आपण याच अंकात कितीदा वाचतो! पण ती झाली खाण्यातली प्रथिनं. खाल्लेल्या प्रथिनांचे सुटे मणी करून शरीर त्यांतून स्वतःची नवी प्रथिनं ओवतं, हजारो तऱ्हांची. कुठला मणी कुठल्या मण्यानंतर ओवायचा, हे लिहिलेलं असतं आपल्या जीनमध्ये.

आता आपल्या घरातल्या एखाद्या पाककृतींच्या वहीची कल्पना करा. आजीपासून चालत आलेली, जाडजूड. तीत सुमारे वीस हजार पाककृती आहेत, म्हणजेच आपले वीस हजारांच्या आसपास जीन. नवल असं, की शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीजवळ ही वही पुरीच्या पुरी असते. नखाच्या मुळाशी असलेल्या पेशीत तीच, काळजातल्या पेशीत तीच, मेंदूतल्या पेशीतही तीच!

मग नखाच्या जागी नख आणि मेंदूच्या जागी मेंदू कसा होतो? तुम्हीच सांगा, वहीत पुरणपोळी आहे, चकली आहे, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू आहेत. म्हणून आपण रोज सगळंच करतो का? दिवाळीला चकलीचं पान उघडतो, होळीला पुरणाचं. घरात कुणी आजारी असेल तर पेजेचं. आज काय करायचं, किती करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे ठरवणारी घरात कुणीतरी कारभारीण असते. ती नसेल तर वही असून काय उपयोग?

शरीरात ही कारभारीणगिरी करणारीही प्रथिनंच असतात. जीनवर देखरेख करणारी प्रथिनं. काही पान उघडतात, काही पान मिटतात. कुठल्या पानावरून सुरुवात करायची हे थेट ठरवणारीच माणसात सुमारे सोळाशे आहेत. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असतो, पुष्कळदा आईला आपले दिवस गेलेत हेही नीट कळलेलं नसतं, तेव्हापासून ती कामाला लागतात. कुठल्या पेशींनी डोळा व्हायचं, कुठल्या पेशींनी मेंदूचा पुढचा भाग व्हायचं, याची वाटणी अशाच प्रथिनांकडून होते. 'पॅक्स-सिक्स' नावाचं एक प्रथिन डोळा आणि मेंदू दोन्हींच्या घडणीत लागतं. 'फॉक्स-पी-टू' नावाच्या दुसऱ्या एकात बिघाड झाला तर मुलाला शब्द उच्चारताना तोंडाच्या हालचाली जमत नाहीत. इंग्लंडमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्या चालत आलेलं हे कोडं २००१ साली उलगडलं.

आपली मेक-पी-टू जरा वेगळ्या कामाची आहे. वहीच्या काही अक्षरांवर शरीरानं बारीक बारीक खुणा करून ठेवलेल्या असतात. आपण नाही का एखाद्या पाककृतीशेजारी पेन्सिलीनं फुली मारत, 'यात तिखट कमी', 'हे सध्या नको'? तशाच. मेक-पी-टू त्या खुणा शोधते, तिथं जाऊन बसते आणि मदतनीस प्रथिनांना बोलावून त्या पानांचा जोर आवरून धरते. पान पुरतं मिटत नाही. फक्त ऊतू जाऊ देत नाही. गॅसची ज्योत मंद ठेवावी, तसं.

ही कारभारीण नसली तर काय होतं? एखादी पाककृती पार फसते असं नाही. हजारो पाककृती थोड्या थोड्या बिघडतात. कुठं मीठ चिमूटभर जास्त, कुठं फोडणी जराशी करपलेली. एका पदार्थात चाललं असतं. पण पंगतीतल्या प्रत्येक पदार्थात तसंच झालं तर?

आणि हे मेंदूतच का जाणवतं? कारण प्रौढ मेंदूपेशींत हे प्रथिन जितकं खच्चून भरलेलं असतं तितकं इतर पेशींत नसतं. शिवाय वेळेचाही भाग आहे. पोटात असताना मेंदूपेशी तयार होतात, आपापल्या जागी जाऊन बसतात. तेव्हा मेक-पी-टूचं फारसं अडत नाही. जन्मानंतर मात्र त्या पेशींना फांद्या फुटू लागतात, एकमेकींशी धागे जुळू लागतात. बाळ आईचा आवाज ओळखतं, खुळखुळा धरतं, शब्द उचलतं, ते या धाग्यांच्या जोरावर. या काळात मेक-पी-टू भराभर वाढते, कारण तिची खरी गरज आता असते. म्हणून तर बाळ पहिले काही महिने छान दिसतं आणि मग थबकतं. बाहेरून कुणी काही केलं म्हणून नव्हे, आतली कारभारीण कामावर यायची वेळ झाली आणि ती धड आलीच नाही म्हणून.

मुलीच का?

आता मुलींच्या कोड्याकडे येऊ. मेक-पी-टूचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. आपल्याजवळ, म्हणजे बायकांजवळ, एक्स दोन असतात: एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. पुरुषाजवळ एक एक्स आणि एक वाय. दोन्ही एक्स एकदम चालले तर घोटाळाच व्हायचा, म्हणून बाईच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एक झोपवला जातो. कुठल्या पेशीत कुठला, याला काही नेम नाही. १९६१ साली मेरी लायन या इंग्रज शास्त्रज्ञ बाईंनी ही गोष्ट मांडली.

याचा पुरावा तुमच्या गल्लीतही फिरत असेल! काळे आणि पिवळट-तांबूस ठिपके असलेली मांजर पाहिलीत ना? ती जवळजवळ नेहमी मांजरीच असते, बोका नव्हे. एका ठिपक्यात एक एक्स जागा, दुसऱ्या ठिपक्यात दुसरा. रेट असलेल्या मुलीच्या मेंदूचंही तसंच. काही पेशींत कारभारीण धड आहे, काहींत नाही. धड पेशींच्या आधारावर मुलगी तग धरते. पेशींची वाटणी कशी झाली आणि जीनमध्ये नेमका कोणता बदल आहे, यावर पुष्कळसं ठरतं. म्हणून एक मुलगी चालते आणि दुसरी चालत नाही. मुलग्याला एक्स एकच. त्याच्यात बिघाड असेल तर सावरून घ्यायला दुसरा नाही. असे मुलगे जन्मापासूनच फार आजारी असतात, बहुतेक जण एक-दोन वर्षांतच दगावतात.

तर मग चूक कुणाची?

इथं लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो. सासूबाईंनाही वाचून दाखवा.

रेट असलेल्या शंभर मुलींपैकी नव्याण्णवांहून अधिक जणींत हा बदल नव्यानं झालेला असतो. आईच्या घराण्यातून आलेला नसतो, वडिलांच्याही नाही. मग तो होतो कुठं? बहुतेक वेळा वडिलांच्या शुक्रपेशी तयार होताना! पुरुषाच्या शरीरात शुक्रपेशी आयुष्यभर, दर दिवशी कोट्यवधींनी तयार होत असतात. दर वेळी ती तीनशे कोटी अक्षरांची वही उतरवून काढायची. एवढं लिहिताना कुठं एखादं अक्षर चुकणार नाही? प्रथिनाच्या माळेत सुमारे पाचशे मणी आहेत. अगदी नेहमी आढळणारी एक चूक म्हणजे १५८ व्या जागी भलताच मणी ओवला जाणं. पाचशेत एक! शिवाय वडील आपला एक्स देतात तो फक्त मुलीला. मुलाला देतात वाय. मुलीच का, याचं आणखी एक उत्तर इथं मिळतं.

पण हं, आता बोट उचलून नवऱ्याकडे वळवू नका! त्यात त्याचाही दोष नाही. हात चुकला तो निसर्गाचा. ग्रहणात चिरलेली भाजी, बसलेला धक्का, लागलेली दृष्ट, सोडलेली किंवा न सोडलेली नोकरी, यांतलं काहीही त्या अक्षरापर्यंत पोचत नाही. बहुतेक वेळा ते अक्षर दिवस राहण्याआधीच बदललेलं असतं. आईनं नऊ महिने सोन्याच्या ताटात जेवण केलं असतं तरी ते सुधारलं नसतं.

याचा अर्थ गरोदरपणी काळजी घेऊ नये असा मुळीच नाही. फॉलिक ॲसिडच्या गोळीनं बाळाच्या मज्जारज्जूची नळी उघडी राहण्याचा धोका खरोखरच कमी होतो. ती नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणून गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची. आयोडीनयुक्त मीठही बाळाच्या मेंदूला लागतंच. जे आपल्या हातात आहे ते करावं. जे हातात नाही त्याचं ओझं कुणा आईच्या डोक्यावर ठेवू नये, एवढंच म्हणणं आहे.

दुसरं मूल होऊ द्यावं का, हा प्रश्न अशा घरात येतोच. पुढच्या बाळाला हाच विकार होण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. तरी शून्य नसते, म्हणून आनुवंशिकतेच्या तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. आईची तपासणी करता येते, पुढच्या गरोदरपणातही करता येते.

विझलेला नाही, मंद झालेला दिवा

आता थोडं आशेचं. या मुलींच्या मेंदूतल्या पेशी मरत नाहीत. त्या लहान राहतात, फांद्या कमी फुटतात, पण असतात. दिवा विझलेला नाही, वात खाली गेली आहे. ती वर करता येईल का?

२००७ साली एडिंबरा इथं एड्रियन बर्ड आणि जॅकी गाय यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. मेक-पी-टूचा जीन जणू कुलूप लावून बंद ठेवलेले उंदीर त्यांनी तयार केले. उंदीर आजारी पडले. चाल बिघडली, श्वास बिघडला. मग औषध देऊन कुलूप काढलं. कारभारीण कामावर आली आणि पार खंगलेले उंदीर हिंडूफिरू लागले! तोवर सगळ्यांना वाटत होतं, मेंदूची घडण एकदा चुकली की चुकली. तसं नाही, हे या प्रयोगानं दाखवलं.

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आणि एक अडचणही आहे. ही कारभारीण कमी पडली तर विकार, तशी जास्त झाली तरीही विकार. मेक-पी-टूचा जीन दुप्पट असलेले मुलगे जन्माला येतात, त्यांनाही मेंदूचा वेगळा पण गंभीर आजार होतो. आमटीतल्या मिठासारखंच हे. नसून चालत नाही, जास्त होऊनही चालत नाही. म्हणून धड जीन मेंदूपर्यंत पोचवण्याचे उपचार फार बेतानं करावे लागतात. अशा उपचारांच्या मुलींवरच्या चाचण्या २०२३ साली सुरू झाल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत रेटसाठी ट्रॉफिनेटाइड हे पहिलं औषध मंजूर झालं. त्यानं विकार बरा होत नाही; लक्षणं काहीशी कमी होतात, जुलाबाचा त्रासही होतो. पण एकही औषध नव्हतं तिथं एक आलं, हेही थोडं नाही. हुदा झोगबी आणि एड्रियन बर्ड या दोघांना या कामाबद्दल २०२० साली 'ब्रेन प्राइझ' हा मानाचा पुरस्कार मिळाला.

आपण काय करायचं?

वाचून लगेच घाबरून जाऊ नका. उशिरा बोलणारी सगळी मुलं काही या विकाराची नसतात. पुष्कळदा ऐकण्यातच दोष असतो आणि तो वेळेवर कळला तर उपायही असतात. पण एक गोष्ट मनाशी पक्की धरा. मूल शिकलेलं विसरू लागलं, तर थांबायचं नाही. येत असलेले शब्द गेले, हातानं खाणं सुटलं, खेळणं धरेनासं झालं, की 'करेल पुढं', 'आमचा बंड्याही उशिराच बोलला' असं म्हणत महिने घालवू नयेत.

बाळाच्या डोक्याचा घेर मोजून घ्या. मुलीचा जन्मतः साधारण ३४ सेंटिमीटर असतो, वर्षाची होईपर्यंत ४५ च्या आसपास जातो. एकदा मोजून काही कळत नाही. दर खेपेला लिहून ठेवलं तर वाढ मंदावलेली ध्यानात येते. लसीकरणाच्या कार्डाशेजारी एक कागद जोडला तरी पुरे. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ सालापासून अंगणवाडीत मुलांची तपासणी होते, पुढं जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. डॉक्टरांना संशय आला तर रक्तावरून जीनची तपासणी करता येते.

निदान झालं तर? व्यायामोपचार चालू ठेवायचे, म्हणजे सांधे आखडत नाहीत. फिट्सची औषधं मनानं बंद करायची नाहीत. पाठीच्या कण्यावर आणि हृदयाच्या ठोक्यांवर डॉक्टरांची नजर हवी. चावणं-गिळणं अवघड जातं, म्हणून मऊ पण कस असलेलं खाणं द्यावं: तूप घातलेला गुरगुट्या भात, साय घातलेली खीर, कुस्करलेलं केळं. भरवताना पाठ सरळ ठेवून बसवावं, घाई करू नये. नीट काळजी घेतली तर पुष्कळ जणी चाळिशी-पन्नाशीपर्यंत जगतात.

आणि त्या डोळ्यांशी बोलायचं! दोन चित्रं करा, एक दुधाच्या पेल्याचं, एक पाण्याच्या तांब्याचं. तिच्यासमोर दोन बाजूंना धरा आणि विचारा, "काय हवं ग?" मग थांबा. दहा अंक मोजा, वीस मोजा. तिला उत्तर द्यायला वेळ लागतो. ज्या चित्रावर नजर ठरेल ते द्या. हळूहळू चित्रं वाढवा: बाबा, झोका, गाणं, नको. नजरेचा माग काढून बोलणारी यंत्रंही आता निघाली आहेत. ती महाग आहेत, पण दोन पुठ्ठे आणि रंगीत खडू कुणाच्याही घरात असतात.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष करू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरलेले आहेत. बौद्धिक आणि बहुविकलांगता त्यांत येतात. प्रमाणपत्र काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत अशा मुलांना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं. रेट असलेल्या मुलींच्या पालकांची संस्था भारतातही आहे. आपल्यासारखी दुसरी आई भेटली की निम्मा भार हलका होतो.

शेवटी, मैत्रिणींनो, त्या पहिल्या चित्राकडे परत येऊ. दवाखान्यातल्या बाकावर उद्या तुम्हीच अशा एखाद्या आईच्या शेजारी बसलेल्या असाल. तिला "काय खाल्लं होतंस ग तेव्हा?" असं विचारू नका. तिनं ते स्वतःला हजारदा विचारलेलं आहे. त्याऐवजी तिच्या लेकीकडे बघा. ती तुमच्या डोळ्यांत बघेल, हमखास बघेल. तिच्याकडे बघून हसा. आणि आईला म्हणा, "आण इकडे, घटकाभर मी घेते हिला. तू जरा चहा पिऊन ये."